पोलादराव पडद्यावर

८ जानेवारी, सकाळी ७
नवी वही. मोठ्या डायरेक्टर लोकांच्या रोजनिशा पुढं कामी येतात म्हणून सुरू केली. लग्नाच्या शूटिंगला आजपासून कायमचा रामराम. फक्त वीस तारखेचं राजूरचं लग्न करायचं, शब्द दिलेला आहे.

निर्णय पक्का. 'पोलादराव'वर पिक्चर काढायचा. पोलादराव म्हणजे चाळीस हात उंच लोखंडी माणूस. शहागडच्या रखमाजी सरांनी त्याची बावीस पुस्तकं लिहिली, आमच्या लहानपणी एसटी स्टँडवर मिळायची. आमची अख्खी पिढी त्याच्यावर वाढली, पण त्याला पडद्यावर आणायची हिंमत एवढ्या वर्षांत कुणाची झाली न्हाई. माझी झाली.

नियम : रोज व्यायाम. आणि चिडायचं न्हाई. डायरेक्टर थंड डोक्याचा पाहिजे. मी तसा आहेच.

११ जानेवारी
शहागडला गेल्तो. सर आता एकाहत्तर वर्षांचे. आयटीआयला फिटर शिकवायचे. चहा दिला, परवानगी दिली, कागदावर सही पण दिली. अट एकच. म्हणले, "अंगदराव, बाकी काय बी बदला. पण पोलादराव कुणाला मारत न्हाई. बावीस पुस्तकांत त्यानं एकाला बी चापट मारली न्हाई." खरं आहे. तो फुटणाऱ्या धरणाला पाठ लावून उभा राहतो, पुलावरून लोंबकळणारी एसटी वर ओढतो, आणि निघून जातो.

मी म्हणलो, बिलकुल सर.

येताना बसमध्ये विचार केला. धरणाला टेकलेला माणूस पब्लिक दोन तास कशाला बघंल? मारामारीच पाहिजे. सरांची अट मी मोडणार न्हाई. पोलादराव जे काय मारंल ते स्वसंरक्षणासाठी.

१५ जानेवारी
टीम झाली. पोलादरावच्या आत कल्याण. कल्याण म्हणजे दुसरीपासूनचा दोस्त, बदनापुरात स्टेशन रोडला त्याचं वेल्डिंगचं दुकान. सूट पण तोच बनवून राह्यला. जुन्या कूलरचे पत्रे आणि पाइप. व्हिलन 'यमदाढ' म्हणजे मेहुण्याचं, रामेश्वरचं, जेसीबी. दात त्याला हायेतच, डोळे तेवढे लावायचे.

बायकोनं, दैवशालानं, विचारलं, ह्याच्यात कुणी मरणार तर न्हाई ना? मी म्हणलो, स्क्रिप्टमधी तीनशे माणसं मरतात. ती म्हणली, मी स्क्रिप्टचं विचारलं न्हाई.

स्क्रिप्ट पूर्ण. सीन एक ते नऊ मारामारी. सीन दहा डायलॉग. दहावा कापला.

२३ जानेवारी
व्यायाम सोमवारपासून.

आज कल्याणच्या दुकानापुढं पहिली तालीम. सूट बासष्ट किलो. ठोसा कसा मारायचा ते मी दाखवलं, त्यानं मारला. त्याच्याच दुकानाचं शटर आत गेलं. दुसरा ठोसा, त्याचीच मोटरसायकल आडवी. काय ताकद! कल्याणनं डोक्यावरचा डबा काढला तर कपाळातून रक्त, आतला पत्रा लागलेला. त्याच्या बायकोनं, शालूनं, हळद दाबली आणि माझ्याकडं बराच वेळ बघितलं. कौतुक असंल.

२ फेब्रुवारी
सेट रेडी. गावामागच्या बंद खदानीत थर्माकोलचं गाव. दोनशे घरं, देऊळ, पाण्याची टाकी. दैवशाला, शालू आणि रामेश्वरची बायको मोनिका, तिघींनी पंधरा दिवस बसून कापलं. घरांना खिडक्या, खिडक्यांना पडदेसुद्धा.

पहिला शॉट : पोलादराव गाव तुडवत येतो. कल्याण आला तो घरांच्या मधल्या गल्ल्यांतून, पाय जपून टाकत. एक घर मोडलं न्हाई! मी ओरडलो, तुडव! तो म्हणला, "बायांनी केलेली हायेत रे, पाय उचलंना."

मी चिडलो न्हाई. ट्रायपॉडला लाथ बसली, कारण तो पायात होता. मंग मीच आत शिरून वीस-पंचवीस घरं तुडवून दाखवली. देऊळ शेवटी. खरं लिहायचं तर बरं वाटलं. मोनिका रडून राह्यली होती. एवढा इमोशनल सीन, आणि कॅमेरा बंद.

९ फेब्रुवारी
रखमाजी सरांचा फोन. कुणीतरी त्यांना जाऊन मारामारीचं सांगितलं. मला रामेश्वरचा संशय आहे. सर म्हणले, "अंगदराव, तो बी मारायलाच लागला, तर त्याच्यात अन् जेसीबीत फरक काय राह्यला?" मी म्हणलो, सर, जेसीबीला चाकं असतात.

त्यांनी फोन ठेवला. पटलं असंल.

१६ फेब्रुवारी
क्लायमॅक्स चालू. यमदाढ पोलादरावच्या छातीवर वार करतो. रामेश्वरचं म्हणणं, दाजी, बकेट दोन फूट अलीकडंच थांबवतो, कॅमेऱ्यात लागल्यासारखं दिसंल. मी म्हणलो, दिसंल म्हणजे काय? पब्लिक येडी हाये का? ये पुढं. अजून ये.

बकेट छातीवर बसली. कल्याण मागं उडाला, दगडांवर पडला. पत्र्याचा असा आवाज झाला की खदानीतली सगळी कबुतरं उठली. रामेश्वरनं इंजिन बंद केलं आणि स्टेअरिंगवर डोकं ठेवलं. कल्याण उठून बसला, एका बाजूला हात धरून. म्हणला, काय न्हाई, जरा लागलं.

क्लासवन शॉट. फोकस गेल्ता. परत घ्यावा लागंल.

१९ फेब्रुवारी
शालू घरी आल्ती. म्हणली, भाऊजी, ह्यांना कुशीवर वळता येत न्हाई, उद्या राहू द्या. मी तिला समजावलं की कलाकाराला त्रास होतोच. ती दैवशालाशी बोलत बसली. मी आत गेलो तशी शालू उठून गेली. बायांना पिक्चर लाइनमधलं कळत न्हाई.

कल्याणचा फोन आला. येतो म्हणला. त्यानं शब्द दिलाय. असे दोस्त पाहिजेत.

२० फेब्रुवारी, दुपारी ४, दवाखाना
डाव्या हातानं लिहून राह्यलो. उजव्या अंगठ्याला प्लास्टर. डोक्यात ताजं आहे तोवर घटना नोंदवतो.

दोन टेक झाले. तिसऱ्याला कल्याण न्हाई म्हणला. सगळ्या युनिटसमोर डायरेक्टरला न्हाई! मंग तो माझ्या अंगावर आला. बासष्ट किलो लोखंड अंगावर आल्यावर माणूस काय करंल? मी स्वतःला वाचवलं. तेवढ्यात रामेश्वरनं जेसीबीवरून उडी मारली आणि मला मागून धरलं. माझा एक दात गेला. दैवशाला मधी पडली, कशात तरी लागून तिचा ओठ फुटला. कल्याणला जीपमधी घालून जालन्याला नेलं. तीन बरगड्या म्हणतात. लोक वाढवून सांगतात.

एवढा मार खाऊन पण मी शांत आहे.

२२ फेब्रुवारी
पोलीस स्टेशनला तक्रार दिली. जीवघेणा हल्ला. आरोपी दोन, कल्याण आणि रामेश्वर. तिथल्या हवालदार सुरेखाबाईंनी विचारलं, पुरावा? मी हसलो. म्हणलो, बाई, मी डायरेक्टर आहे. खदानीवरच्या टेकडीवर लावलेला दुसरा कॅमेरा चालूच राह्यला होता, सगळं शूट झालेलं आहे.

घरी दैवशाला म्हणली, "द्यायच्या आधी एकदा बघा तरी." मी म्हणलो, मला पाठ आहे. ती बॅग भरून भावाकडं गेली. चार दिवसात येईल.

२६ फेब्रुवारी
सुरेखाबाईंकडून कळलं, कल्याणनं दवाखान्यातून जबाब दिला : शूटिंग करताना दगडावर पडलो, कुणाबद्दल तक्रार न्हाई. घाबरला, दुसरं काय. मी माफ करायचं ठरवून राह्यलो. पण आधी पुरावा दाखवणार. सगळ्यांना कळू द्या.

दैवशाला फोन उचलत न्हाई. रेंज नसंल.

१ मार्च
पोलीस स्टेशनमधी पेन ड्राइव्ह लावला. बघायला सुरेखाबाई, दोन शिपाई, आणि म्हैस चोरीला गेल्याची तक्रार द्यायला आलेला एक म्हातारा.

कल्याण डब्यातून डोकं बाहेर काढतो. आवाज लांबून येतो, पण कळतो. "अंगद, दम घेऊ दे रे. श्वास घेताना टोचून राह्यलं." चौकड्याच्या शर्टवाला माणूस त्याच्या तोंडात मारतो. कल्याण उताणा पडतो. सूटमुळं त्याला उठता येत न्हाई, पाय नुसते हलतात. चौकड्याचा शर्ट त्याच्या छातीवर बसतो आणि त्याच्या हातातला डबा हिसकून त्याच्याच तोंडावर मारतो. परत मारतो. रामेश्वर ओढायला येतो, त्याला कोपर बसतं. बाई येते, तिला तोंडावर हात बसतो, ती पडते. मंग डबा सुटतो आणि तो माणूस नुसत्या मुठीनं पत्र्यावर मारत सुटतो. शेवटी रामेश्वरचा एक ठोसा. तेव्हा थांबतो.

दोन मिनिटं चाळीस सेकंद. फोकस बराबर होता.

म्हातारा म्हणला, "ह्याला कुणी धरलं का न्हाई लवकर?" सुरेखाबाईंनी व्हिडिओ मागं नेऊन त्या माणसावर थांबवला आणि विचारलं, हा चौकड्याच्या शर्टचा कोण?

मी म्हणलो, मी.

तक्रार परत घेतली. त्या म्हणल्या, तुमची मिटली, आमची न्हाई. सोमवारी या.

५ मार्च
कल्याणला घरी आणलं म्हणून गेल्तो. दार शालूनं उघडलं. अर्धंच. मी म्हणलो, भेटायचं होतं. ती म्हणली, झोपलेत.

आतून त्याचा खोकला येत होता. एकदा खोकायचा, थांबायचा, दम धरायचा, परत खोकायचा. बरगडीला हात लावून खोकत असंल. दोघंही ऐकत उभे राह्यलो.

मी म्हणलो, बरं, झोपू द्या.