दिनूदादा आणि मोडेमचं बंद मॉड्यूल

३ मार्च २००२, रवि.
वाचनालयाच्या कॉम्प्युटरचा मोडेम आजही मुका. लिनक्स त्याला ओळखतच नाही. मोडेमच्या कंपनीने त्यासाठी एक मॉड्यूल, म्हणजे लिनक्सला जोडायचा प्रोग्रामचा तुकडा, दिलंय, फुकट, पण बंद. आतला कोड दाखवणार नाहीत. दर रविवारी मशीन बघायला जमणारे आम्ही चौघे त्यावरूनच भांडलो. दिनूदादा, नात्याने आत्येभाऊ पण इथे गुरू, म्हणाला, "आत काय आहे ते कळल्याशिवाय मशीनच्या पोटात काही घालायचं नाही. मग उघड्या कोडचं लिनक्स आणलंच कशाला?" बाकी दोघे म्हणतात घालू या. माझं ठरत नाही.

६ मार्च
वाचनालयाच्या अध्यक्षांनी सांगितलं, पाडव्यापर्यंत ईमेल सुरू नाही झाली तर जुनं विंडोज परत टाकू. जुनं म्हणजे चोरीचं. लिनक्सची बाजू समितीपुढे मी मांडली होती, म्हणजे तोंडघशी पडणार मी. शिवाय सुर्वेकाकू रोज येऊन विचारतात. मुलगा बोटीवर, त्याची मेल कधी दिसणार?

१० मार्च, रवि.
दादाच्या बागेत गेले. पहिली काढणी. गिऱ्हाईक कुणीही असो, वरचा थर उचलून खालचे आंबे दाखवायचे, मगच पेटीला खिळे. आतोबांपासूनची, म्हणजे दादाच्या वडिलांपासूनची रीत.
"बघितलंस? मी बंद देत नाही, मग बंद घेऊ कशाला गो?"
"आणि काकूंचा मुलगा?"
"बाहेरून जोडायचा मोडेम घ्या. त्याला नाही लागत मॉड्यूल."
समिती नवीन काही घेणार नाही, हे माहीत असून! चिडले. चहा न घेता निघाले.

२४ मार्च, रवि.
मतं घेतली. दादा एकटा विरुद्ध. मीही हात वर केला, त्याच्याकडे न बघता. तो उठला, चपला घातल्या. "घाला. पण मग मला विचारू नका." ओरडला असता तर बरं वाटलं असतं.
मॉड्यूल घातलं. मोडेम किंचाळला आणि लागला! काकूंनी मुलाची मेल वाचली, मग माझ्याकडून परत वाचून घेतली. फार आनंद झाला. दादाची खुर्ची रिकामी.

१ एप्रिल
मशीन गोठतंय. आज काकूंची मेल अर्ध्यात. बिचाऱ्या म्हणाल्या, "माझ्याच हाताने काय बिघडलं काय गो?" लिनक्सवाल्यांच्या मेलिंग लिस्टवर सगळं लिहून विचारलंय.

३ एप्रिल
लिस्टचं उत्तर: तुमचा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, डागाळलेला आहे. बंद मॉड्यूल घातलं की तो स्वतःच तशी नोंद ठेवतो म्हणे. आत काय चाललंय ते आम्हाला दिसत नाही, आधी मॉड्यूल काढा, मग बोलू. कंपनी म्हणते, लिनक्सवाल्यांना विचारा. दादा हेच सांगत होता. पण काढलं तर मेल बंद, आणि ठेवलं तर हे असं...

८ एप्रिल
दादाला फोन केला. वहिनींनी घेतला. "बागेत आहेत ते." मागे खोकला, त्याचाच. शनिवारी पाडवा.

११ एप्रिल
दादाकडून वाचनालयात पेटी आली. रिक्षावाला ठेवून गेला. चिठ्ठी नाही. खिळे ठोकलेली. त्याची न दाखवता दिलेली पेटी आयुष्यात पहिल्यांदा बघतेय. म्हणजे बंद चालेल म्हणतोस, की टोमणा मारतोस रे? हातोडी घेतली, परत ठेवली.
फोन केला. या वेळी त्यानेच घेतला.
"पेटी मी नाही उघडणार. तू ये, तूच उघड. मशीनही बघ. घाबरलेय मी, दादा."
तो खोकला. मग म्हणाला, "बंद ठेवू नको गो. कुजतील."
येतो म्हणाला नाही. येत नाही असंही म्हणाला नाही. पेटी मशीनशेजारीच आहे, बंदच, त्याची वाट बघत. खोलीभर पेंढ्याचा आणि आंब्याचा वास. पाडवा परवा.