आधी नळ, मग दिवा, मग येते

प्रिय अक्का,

आज तुला लिहितेय ते आईमुळे. सोमवारपासून इंदिरानगरचा तो प्रोग्रॅमिंगचा क्लास सुरू होतोय, तूच माझं नाव घातलं होतंस ना? सकाळी रस्ता बघून यावं म्हणून मी चप्पल घातली. तर आईने दाराला कडी लावली आणि दारातच अवरेकाईच्या शेंगा सोलायला बसली. मी चप्पल काढली.

तू गेल्यापासून असंच चाललंय. कोपऱ्यावरच्या दुकानात पण पाठवत नाहीत. कोथिंबीर अप्पा ऑफिसमधून येताना आणतात, ती पण सुकलेली! तुला हसू येईल, मला बाहेर जायला कधी आवडायचं? शाळेत बाईंनी उभं केलं की घसाच बंद व्हायचा, म्हणून तर नववीत शाळा सोडली. पण तेव्हा मी आत बसले होते. आता मला बसवलंय. वेगळं असतं गं ते.

तू म्हणालीस, सी लँग्वेज शीक पुट्टी, त्यात बोलून दाखवायला लागत नाही. माझा पहिला प्रोग्रॅम आठवतो? प्रश्न विचारत फिरत राहायचा, संपायचाच नाही. तू म्हणालीस, घर बांधलंस आणि दार ठेवायला विसरलीस. मग एक्झिट शिकवलंस. आणि ॲटएक्झिट, म्हणजे संपताना काय काय आवरायचं ते प्रोग्रॅमला आधीच सांगून ठेवायचं. मी आपल्या घरासारखं लिहिलं. नळ बंद, दिवा बंद, शेवटी "येते". "जाते" लिहायला हात धजला नाही, आपल्यात कोण म्हणतं तसं? चालवला तर सगळं उलटं! आधी "येते", मग दिवा, मग नळ.

"येते म्हणून बाहेर पडलीस, आता नळ काय जिन्यातून बंद करणार?" पोट धरून हसत होतीस. मग सांगितलंस, इथे शेवटी सांगितलेलं काम पहिलं होतं. म्हणून "येते" सगळ्यात आधी सांगून ठेवायचं.

अबॉर्ट पण तूच दाखवलंस. प्रोग्रॅम मधेच मरतो. नळ नाही, दिवा नाही. छापायला दिलेली ओळ पुरी झाली नसेल तर ती पण आतच राहते, पडद्यावर येतच नाही. मी विचारलं, मग ती जाते कुठे?

"कुठे नाही. प्रोग्रॅमबरोबरच."

हे कशाला सांगितलंस गं मला? त्या दिवशी तू हेब्बाळच्या ऑफिसला निघालीस तेव्हा घरी पाहुणे होते, मी खोलीचं दार लावून बसले होते. मग फ्लायओव्हरवर तुझ्या स्कूटरला एका गाडीने धडक दिली. तुझा कप खिडकीत तसाच, चार्जर भिंतीला तसाच. आणि तू "येते" म्हणालीस की नाही, मला ऐकूच आलं नव्हतं. कुणाला विचारायचं धाडस झालं नाही. वाटायचं, ते आतच राहिलं.

आज मी पण आईजवळ शेंगा सोलायला बसले. मग म्हटलं, आई, सोमवारी जाऊ दे ना. येते म्हणून जाईन आणि येईन.

आईने मान वर केली नाही. "अक्का पण येते म्हणूनच गेली. दोनदा म्हणाली. एकदा मला, एकदा तुझ्या बंद दाराला."

अक्का, माझ्या दाराला?

कडी अजून लागलेलीच आहे. शेंगा संपल्या, तरी आई तिथून उठलेली नाही. पण तुझं ते आत राहिलं नव्हतं. म्हणाली होतीस तू.

सोमवारी जमेल का, माहीत नाही. आईला स्वल्प वेळ लागेल. पण ज्या दिवशी कडी निघेल त्या दिवशी मी आधी नळ बघेन, मग दिवा, आणि मग आईला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने "येते" म्हणेन. घसा बंद झाला तरी म्हणेन. आणि संध्याकाळी दारात उभी राहून "आले" पण म्हणेन. ते तुझ्या प्रोग्रॅमला येत नाही.

दाराच्या आतली,
तुझी पुट्टी