नाव न घेता

सेम्पोर्ना, रविवार

प्रिय रुफीना ताई,

प्रार्थनेहून आलो आणि लगेच लिहायला बसलो. जेवण वेळेवर होतं, खोकलाही कमी आहे. तुझा गुडघा कसा आहे?

वर्गात आमचा एक खेळ असतो. मी वस्तू उचलतो, मुलं तिचं नाव आपापल्या घरच्या भाषेत सांगतात. बजाऊ, सुलुक, हाक्का, नुसता कल्ला! गुरुवारी मी दगड उचलला. डोंगरातून आमच्या वसतिगृहात आलेली नवी मुरुत मुलगी दुलिना गप्पच.

"जीभ घरी विसरलीस होय गं?" बजाऊंचा आस्माद म्हणाला. ती रडली, शाळाच नको म्हणाली. तिला घरी न्यायला या, असा वडिलांना निरोप गेला.

नंतर कळलं, तिच्या आजोबांचं नावच दगड, आणि त्यांच्या घरात थोरांचं नाव तोंडाने घेत नाहीत.

म्हणून शुक्रवारी मी नियम बदलला. वस्तूचं नाव न घेता ती इतरांना ओळखायला लावायची. दुलिना हळूच म्हणाली, "जन्मभर नदीत बसतो, पण फुगत नाही."

"अगं, भारीच!" आस्माद ओरडला. "अजून एक घाल!"

तेवढ्यात वडील दारात आले. ती म्हणाली, "बाबा, थांबा ना, माझा डाव चाललाय."

ते पायरीवर बसून ऐकत राहिले. संध्याकाळी एकटेच घरी गेले.

सर्वांना आशीर्वाद. आमच्यासाठी प्रार्थना कर.

तुझा धाकटा,
बेनेडिक