पाथरीत उणे चाळीस

पाथरी, वैशाख वद्य पंचमी

राजमान्य दिनकरराव यांसी, आपल्या बहिणीचा नवरा आदिनाथ याचा साष्टांग नव्हे, पण बऱ्यापैकी वाकून नमस्कार.

प्रथम तक्रार. लोणच्याची बरणी गंगाखेडला पोचली का, असे मी फोनवर लिहून विचारले, तर आपण उत्तरादाखल एक पिवळा अंगठा पाठवलात. अंगठा द्यावा तो एकलव्याने, आणि तोही गुरूला. मी नुसता दाजी. बरणी पोचली, फुटली की संपली, हे त्या अंगठ्यावरून कळेना. खैर. आपले गुडघे काय म्हणतात? वहिनींचा खोकला? इकडे सर्व क्षेम. माझ्या डाव्या तळपायाला रुपयाएवढा फोड आला आहे आणि तो येताना मला कळला नाही, एवढेच. घाबरण्यासारखे काही नाही. (हे वाक्य दोन कागद फाडून तिसऱ्यावर लिहिले आहे.) आपल्या वडिलांचे, म्हणजे मामांचे, दुखणेही अशाच फोडापासून सुरू झाले होते आणि गुडघ्याखाली पाय काढून संपले, हे आपणास आठवत असेल तर कृपया विसरावे.

फोडाची कथा गाडीपासून सुरू होते. गेल्या आठवड्यात गाडीचा एसी गरम हवा फेकू लागला. आपल्याकडे गाडीचे कोणतेही दुखणे गॅसवर जाते, माणसाचे जाते तसेच. म्हणून आधी गॅस भरून घेतला. फरक शून्य. मग राजेश्रीने (आपली भगिनी चष्म्याशिवायही माझ्यापेक्षा जास्त पाहते) समोरच्या पडद्यावर बोट ठेवले. बाहेरचे तापमान: उणे चाळीस! अंगणात धोतर वाळत नव्हते, करपत होते. आणि गाडीची पक्की समजूत की आपण हिमालयात आहोत. एवढ्या थंडीत यजमानांना आणखी गारवा कशाला, म्हणून ती बिचारी एसी चालूच करीना.

एसटी स्टँडामागे महारुद्रचे गॅरेज आहे, तिथे गेलो. हा शाळेत माझ्याकडे संस्कृतात दोनदा नापास झालेला. पण न्यायशास्त्र कुठे चोरून शिकला, देव जाणे. बंपरामागून त्याने हरभऱ्याएवढा सेन्सर काढला. चहावाल्याकडून उकळते पाणी आणि रसवंतीतून बर्फाचे पाणी, असे दोन ग्लास मागवले, आणि मीटर लावून त्या हरभऱ्याला आलटून पालटून दोन्हीत बुचकळले. गरमात मीटरवरचा विजेच्या रोधाचा आकडा उतरे, गारात चढे. अन्वय आणि व्यतिरेक, दोन्ही सिद्ध! तीस वर्षे मी हे फळ्यावर शिकवले, चहाच्या ग्लासात पहिल्यांदा पाहिले.

"सर, ह्याच्यात खोट न्हाई. ह्येला गरम बराबर कळायलंय," महारुद्र म्हणाला. मग गाडीकडून येणाऱ्या दोन्ही वायरींची टोके त्याने एकमेकींना टेकवली. "आता पडद्यावरचा आकडा सरळ वर पळाया पायजे. बघा बरं." मी दारातून मान घालून पाहिले. उणे चाळीसच. "मंग वायरच तुटली म्हणा की. खाली ऊन हाय, पर निरोपच वर जाईना."

हा शास्त्रार्थ होईतो मी भर उन्हात, गॅरेजपुढच्या लोखंडी पत्र्यावर अनवाणी उभा होतो. (गाडीत चपला घालून बसायचे नाही, हा राजेश्रीचा दंडक. चपला पिशवीत, पिशवी डिकीत. निदान बघण्याच्या घाईत मी तसाच उतरलो.) महारुद्रचे लक्ष खाली गेले.

"सर, पत्रा लय तापलाय. पाय पोळंना का तुमचा?"

मी म्हणालो, सवय आहे.

"कशाची सवय? आमी बूट घालून नाचायलोत!"

त्याने मला दंडाला धरून टायरवर बसवले आणि पायावर दुसरा ग्लास ओतला. "गार लागायलंय का?" मी म्हणालो, छान गार आहे. दिनकरराव, मला काहीही लागत नव्हते. ग्लासाला बाहेरून थेंब धरले होते, त्यावरून मी अनुमान केले.

वायर उंदराने कुरतडली होती. महारुद्रने ती जोडली, टेप गुंडाळली, आकडा त्रेचाळीसवर आला आणि एसी गार वाहू लागला. तो माझ्या पायाकडेच बघत होता. यावर एक उपमा सुचते. पण जन्मभर पोरांच्या माथी उपमा मारल्या, ही एक राहू द्या.

वहिनींस नमस्कार, चिरंजीवांस आशीर्वाद.

आपला दाजी,
आदिनाथ

ता. क. पत्र कागदावर धाडतो आहे, कारण फोन सदैव आपल्या भगिनीच्या हाती असतो. सुग्रीव जीपवाल्याकडून पाकीट नीट चिकटवलेले घ्यावे.

ता. क. दुसरा. सोमवारी सकाळच्या एसटीने पाथरीला यावे. राजेश्रीला सहज आलो म्हणावे. साखरेसाठी मामांना दाखवत होतो त्याच डॉक्टरांकडे परभणीला जायचे आहे आणि गाडी आपण चालवायची आहे. डावा पाय क्लचवर आहे की नाही, हे हल्ली मला वाकून पाहावे लागते. उजव्याला अजून थोडे कळते. डॉक्टरांपुढे मी खोटे बोलेन. तेव्हा तुम्ही शेजारी बसा.

ता. क. तिसरा. राजेश्रीला मी खरचटले म्हणून सांगितले आहे. तिने दीड वर्ष रोज सकाळी मामांच्या पायाची पट्टी बदलली, तुम्ही पाहिलेच आहे. दिनकरराव, माझा पाय कापतील अशी मला भीती वाटते, आणि हे तिला सांगायची त्याहून जास्त वाटते.