बाबांच्या चेहऱ्याची उंची

प्रिय धाकटे,

वय झालेल्या माणसांची हनुवटी नाकाकडे सरकल्यासारखी का दिसते, असा प्रश्न तुला कधी पडला असेल. ओठांच्या कडा खाली वळतात आणि माणूस रागावलेला नसतानाही रागावल्यासारखा दिसतो. आपण त्याला म्हातारपण म्हणतो. कितीदा तरी ते निव्वळ झिजलेले दात असतात. दात हे जबड्याला अडवणारे खुंट. खुंट झिजले की जबडा जास्तच मिटतो आणि चेहरा खालून आखूड होतो. किती सरळ हिशेब आहे, बघ!

आपले बाबा झोपेत दात खातात, हे तुला ठाऊकच आहे. आई म्हणायची, हे रात्रभर दळण दळतात आणि सकाळी पीठ काही दिसत नाही. मध्यंतरी त्यांना माझ्या दवाखान्यातल्या खुर्चीत सैल बसवलं, ‘म’ म्हणायला लावलं आणि नाकाच्या टोकापासून हनुवटीपर्यंत मोजलं. मग दात मिटवून पुन्हा मोजलं. दोन्हींत थोडाच फरक असायला हवा. त्यांचा पुष्कळ निघाला. झिजलेल्या दातांवर कायमच्या टोप्या बसवण्याआधी तात्पुरत्या टोप्यांवर काही आठवडे काढायचे, नवी उंची जबड्याला मानवते का ते पाहायचं, ही आम्हा दातांच्या डॉक्टरांची रीत. तशा बसवल्या. एकसष्ट, बासष्ट म्हणताना दात एकमेकांवर आपटले नाहीत, म्हणजे उंची जास्त झालेली नाही. जबडा जास्त मिटल्याने होणारं त्यांचं कानाजवळचं दुखणं ओसरलं. बाबांनी सफरचंद कापून न घेता खाल्लं. मी खूश होतो.

त्या संध्याकाळी आईने मला स्वयंपाकघरात ओढून हळूच विचारलं, “हे गृहस्थ जेवायला थांबणार आहेत का रे?”

तिचं विसरणं तुला नवीन नाही; पण आजवर बाबा तिला कधी परके वाटले नव्हते. बाबा दारातच उभे होते. हसून म्हणाले, “थांबणार म्हणावं, आता चावता येतंय.” नंतर मात्र मला खोलीत बोलावून म्हणाले, “काढ हे सगळं. जन्मभर कालवून खाईन, पण तिच्या घरात पाहुणा म्हणून राहायचं नाही मला.”

तेव्हापासून माझी मती गुंग झाली आहे. टोप्या काढल्या तर दुखणं परतेल आणि उरलेले दातही झिजतील. ठेवल्या तर आई रोज त्यांना चहा विचारते, अगदी अदबीने, आणि ते बघवत नाही. एक मधला मार्ग आहे: उंची थोडी थोडी वाढवायची, म्हणजे आईच्या नजरेलाही सवय होईल. पण दोष नव्या चेहऱ्याचा असेल तरच त्याला अर्थ. दोष आईच्या विसरण्याचाच असेल तर? बाबांनाही हे उमगलंय असं वाटतं; सगळं दातांवर ढकललं की तेवढंच बरं वाटतं.

ते तपासायला साधा उपाय आहे, आणि माझा हात उचलत नाही, म्हणून हे पत्र. सोबत बाबांचा कालचा फोटो आहे. आधी तू करून बघ: नाकाखालचा, टोप्यांनी बदललेला भाग तळहाताने झाक आणि नुसते डोळे, कपाळ बघ. तुला बाबा दिसले, तर रविवारी ये. आईसमोर बाबांच्या हनुवटीवर तू हात धर. मी तिला विचारीन, हे कोण?

तुझाच, अजून काहीच न ठरवू शकलेला,
दादा