उजवा कौल

सोम., ३ फेब्रुवारी
फेरीबोटीवरची ड्युटी संपवून म्हापशाला गेलो. एकटाच. डॉक्टरीणबाईंना खाली मान घालून सगळं सांगितलं. बायको सुमन, एक्केचाळीसची, पाळी अजून वेळेवर. दोन वर्षं जवळ येऊ देत नाही. मोबाइलवर वाचलेल्या गोळीचं विचारलं. बाई म्हणाल्या, "इच्छा होत नाही याचा त्रास त्यांना स्वतःला होतो का? तुम्हाला होतो म्हणून गोळी देता येत नाही. त्यांना घेऊन या."
तिला होतो का? बावीस वर्षं संसार केला. ठाऊक नाही.

गुरु., ६
दोनदा विषय काढायला गेलो. एकदा गॅसचं बोललो, एकदा पोदेराचे पाव शिळे म्हणून.

सोम., १०
देवळात कौल लावला. गाऱ्हाणं भटजी घालतात, मोठ्याने. खरं कसं सांगणार? म्हटलं, बायकोचं दुखणं आहे, औषध सुरू करू का.
"कसलं दुखणं?"
"बायकांचं."
मागे पाच-सहा माणसं बसलेली. मूर्तीला चिकटवलेल्यांतली उजवी पाकळी पडली. देवाचा होकार. डोळे भरून आले.

मंगळ., ११
सु.ला म्हटलं, म्हापशाला डॉक्टरकडे जाऊया, देवाने उजवा दिलाय.
"कसल्याक?"
चपला घालून बाहेर पडलो.

गुरु., १३
शेजारची रुक्मिणवहिनी दारातूनच, "गो सुमन, पिशवी काढपाची गो? देवळांत गाराणें घातलें न्हय! लिपयता कित्याक?"
सु. हसली. "माकाच आतां कळ्ळें."
मग घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसली.

शनि., १५
आज तिने सगळं वदवून घेतलं. गोळीसुद्धा.
"देवाक विचारलें. भटाक सांगलें. म्हापशाच्या बायेक सांगलें. माका कित्याक ना?"
मी चष्मा काढून पुसत बसलो. मग हळूच तीच म्हणाली, "दोन वर्सां वाट पळयतां, केन्ना विचारतले म्हूण."
खोटं गाऱ्हाणं घातलं. त्या होकाराला काय अर्थ? आणि मी रडलो होतो.

रवि., १६
सु. अंगणात अबोलीचा वळेसर गुंफत होती. पायरीवर जाऊन बसलो.
"विचारा," म्हणाली. नजर दोऱ्यावरच.
इथे भटजी नाहीत. पहिला शब्दच सापडेना. चष्मा आणतो म्हणून आत आलो आणि ही वही उघडली. खिडकीतून दिसतंय, वळेसर कधीच पुरा झालाय. ती उठलेली नाही.