भोंगा, फेटा आणि साडू

१७ एप्रिल २०००, सोमवार
ठरलं. सहा मेला बसव जयंती. यंदा गल्लीत गाणी मी वाजवणार, तीही कॉम्प्युटरवर. कमिटीच्या सुंदररावांना सांगून आलो. सात वर्षं हा मान आमचे साडू धोंडप्पा यांच्याकडे. त्यांचा टेप, त्यांचा अॅम्प्लिफायर. जो वाजवतो त्याला मठाच्या स्वामींच्या हातून फेटा. सात फेटे झाले त्यांचे. दर दिवाळीला गच्चीवर उन्हात घालतात. समोरच घर असल्यामुळे दिसतात. मला हेवा वगैरे नाही.

पाटोद्यात किती जणांकडे कॉम्प्युटर आहे?

२३ एप्रिल, रविवार
गच्चीवर दोन भोंगे बांधले. वायर खिडकीतून आत, थेट कॉम्प्युटरच्या पाठीत. भक्तिगीतांची सीडी लावली. भोंग्यात कान घातल्यावर स्पष्ट ऐकू आलं. म्हणजे कनेक्शन बरोबर आहे, फक्त आवाज बाहेर येत नाही. जगदेवी म्हणाली, दाजींना विचारा. तिच्या बहिणीचा नवरा, म्हणून लगेच दाजी! साफ नकार दिला. दुपारी जेवलो नाही. चार वाजता जेवलो.

२६ एप्रिल
बीडला गेलो. दुकानदार म्हणतो, अॅम्प्लिफायर पाहिजे, कॉम्प्युटरच्या आवाजात भोंग्याइतका दम नसतो. मी म्हणालो, पेंटियम आहे. हसला. बीडची माणसं फार शेफारलीत. नुसती पिन घेऊन आलो.

३० एप्रिल, रविवार
घरात फितुरी. जगदेवी गुपचूप बहिणीकडे, कावेरीकडे, जाऊन आली. दुपारी धोंडप्पा स्वतः अॅम्प्लिफायर खांद्यावर घेऊन हजर. यंदा आपण नुसतं बसून ऐकणार म्हणाले. डाव काय असेल? पाच मिनिटांत जोडून दिला. आवाज एस.टी. स्टँडपर्यंत गेला. जगदेवी चारदा म्हणाली, दाजींचा हात लागला अन् वाजलं. पिन माझी होती.

५ मे
तयारी पूर्ण. माइकची वायर स्टेजपर्यंत नेली. धूळ नको म्हणून कॉम्प्युटरच्या खोलीला आतून कडी लावणार. सीडी मधेच अडकते, त्यामुळे मला माउस सोडून उठता येणार नाही. फेट्याच्या वेळी नाव पुकारलं की उठायचं. केस कापून आलो, फेटा नीट बसावा.

६ मे, शनिवार
संध्या. ५ – सुरू. सीडी दोनदाच अडकली. गर्दी असावी. खोलीतून काही दिसत नाही.

६.१० – गाणं थांबवायचा निरोप आला. फेट्याची वेळ. उभा राहिलो. माइकवर सुंदरराव म्हणाले, "आता आपले धोंडप्पाअण्णा..."

माझ्या भोंग्यातून, माझ्या विजेवर, त्याच माणसाचं नाव! बोर्डाचं बटण बंद केलं. गल्ली गप्प. कुणीतरी दार वाजवलं. फ्यूज गेला म्हणून आतूनच ओरडलो.

६.४० – बाहेर पुन्हा गाणी. धोंडप्पांनी ट्रॅक्टरची बॅटरी काढून जुना टेप लावला म्हणे. वाटच बघत होते.

७ मे
फेटा धोंडप्पांना. मला वाटलंच होतं. जगदेवीला तसं म्हणालो. ती भाकरी थापायची थांबली.

"तुमी आईकलं तरी का पुढचं? दाजी माइकवर सांगनार व्हते, यंदाचा मान आमच्या साडूचा म्हनून. फेटा तुमच्यासाठीच व्हता. बोलवायला मीच आलते, तर दाराला कडी. स्वामींना पुढं पालीला जायचं व्हतं. टेप वाजवनाऱ्याला बांधून गेले."

मी म्हणालो, फ्यूज गेला त्याला मी काय करू.

"दाजींनी मीटरवरचा फ्यूज काढून बघितला कालच. नीट हाय. कुनाला बोलू नको म्हनलेत."

किती चांगलं वागावं माणसानं याला काही मर्यादा? मला धड जळूसुद्धा देत नाहीत.